हिरवी ताटली

५ मार्च, मंगळवार

दादा,

नमस्कार. घेतलास तर तुझा, नाही घेतलास तर माझ्यापाशी राहू दे. फोन तू उचलत नाहीस म्हणून कागद. कागद फाडायला तरी हातात धरावा लागतो.

मी बरा आहे. मोठ्या शहरात आहे. समुद्र जवळ, आणि हवा अशी की आंघोळ करून अंग पुसेपर्यंत माणूस पुन्हा भिजलेला. काम खाण्याच्या लायनीत आहे. म्हणजे तुझ्याच लायनीत म्हण. दोन वर्षांतली ही चौथी नोकरी, आणि तू म्हणायचास तसं अजून माझ्या बुडाला चाकं आहेत.

हे मी गाडीत बसून लिहितोय. सुट्टीच्या दिवशी मी गाडीतच बसतो. दर तीन मिनिटांनी येते, ढकलाढकली नाही, दारं आपोआप उघडतात, आत दात वाजतील अशी थंडी. या टोकाहून त्या टोकाला दीड तास लागतो. तिकडे पोचलो की खाली न उतरता परत. खोलीत आम्ही सहा जण आणि पंखा एक, त्यापेक्षा हे बरं.

इथलं सुख तुला सांगतो. एक इमारत आहे. गाडी तिच्या दुसऱ्या मजल्यावर येऊन थांबते. तिसऱ्यावर कपडे, चौथ्यावर खाणं, पाचव्यावर सिनेमे, गच्चीवर शहराएवढा पाळणा. सरकता जिना माणसाला उचलून नेतो. जेवा, सिनेमा बघा, पाळण्यात बसा, परत गाडीत. दिवसभर हिंडून चपलेला धूळ नाही. बरणीतल्या लोणच्यासारखी माणसं आहेत, बाहेरचं वारं लागू देत नाहीत.

मला शिसारी येते, दादा. भूक नाही तो खातो, तहान नाही तो पितो. ताटली आली की आधी फोटो. मग ताटली फिरवून फिरवून बघतात, मुलगी बघायला आल्यासारखी. दोन घास खातात आणि सरकवतात. स्थळ नापसंत.

तू म्हणशील, भरल्या ताटावरून उठून गेलेल्यानं दुसऱ्याच्या ताटावर बोलू नये. म्हण.

खानावळीचं विचारत नाही. वहिनीला नमस्कार. माझा पत्ता देत नाही, महिन्याभरात बदलेल.


१९ मार्च, मंगळवार

दादा,

मागच्या पत्रात खोटं लिहिलं नव्हतं, पण खरंही लिहिलं नव्हतं. खाण्याच्या लायनीत आहे म्हणालो. तर लायनीत आहे, शेवटी आहे.

चौथ्या मजल्यावर बारा गाळे आहेत खाण्याचे. मधे टेबलं. लोक खाऊन उठले की ट्रे एका सरकत्या पट्ट्यावर ठेवतात. पट्टा भिंतीतल्या भोकातून पलीकडे जातो. भोकाला रबराचा पडदा आहे, म्हणजे लोकांना पलीकडचं दिसायला नको. त्या पलीकडे मी आहे. उरलेलं खरवडून बादलीत टाकायचं, ताटली मशीनमध्ये लावायची. सकाळी दहा ते संध्याकाळी सात. तुझ्या खानावळीतली चाळीस ताटं धुवायला माझ्या जिवावर यायचं, इथे दिवसाला हजार येतात. कुणीतरी वर बसून हसत असणार.

काय काय येतं सांगू? अर्धं चावलेलं अंडं, त्याला ओठाची लाली. भातात खोचलेली दातकोरणी. रुमालात गुंडाळलेला मुलाचा दुधाचा दात. परवा तर कवळी आली. पाठोपाठ म्हातारी रडत आली. आमच्या रेडिओनं ती कवळी नळाखाली धरली आणि तिच्या हातात दिली. म्हातारीनं तिथेच तोंडात घातली, आशीर्वाद दिला. मला उलटी होता होता राहिली.

रेडिओ म्हणजे माझ्या जोडीची बाई. पन्नाशीची. सकाळी सुरू होते ती घरी जाईपर्यंत बंद होत नाही, म्हणून रेडिओ. ती मला नाकतोड्या म्हणते, कारण मी एका जागी ठरत नाही.

"नाक दाबून किती दिवस जगशील रे?"

"तोंडानं घेतो श्वास."

"म्हणजे वास नाकात नको, तोंडात चालेल. शहाणाच आहेस."

सगळ्यांत घाण म्हणजे मशीनचं शेवटचं पाणी. पहिलं साबणाचं, दुसरं साधं, तिसरं कढत. तिसरं सुरू झालं की अशी आंबूस वाफ निघते की डोळ्यांत पाणी येतं. मी दुसऱ्या पाण्यालाच रॅक ओढून काढतो आणि दारात वाऱ्याला जाऊन उभा राहतो. ताटल्या दिसायला चकचकीत असतात. कोण बघतो?

आता असं आहे की प्रत्येक गाळ्याच्या ताटल्यांचा रंग वेगळा, आणि त्या रंगाची एकेक बादली. संध्याकाळी मुकादम बादल्या काट्यावर चढवतो आणि फळ्यावर लिहितो. मालकाचं म्हणणं, ज्याचं उरतं ते लोकांना आवडत नाही. एप्रिल संपला की ज्याची बादली सगळ्यांत जड, त्याचा गाळा काढून घेणार.

सगळ्यांत जड हिरवी आहे. हिरवा गाळा काकांचा. काका म्हणजे साठीचा माणूस, गळ्यात पंचा, भात आणि वर गरम रस्सा विकतो. बाकीचे कागद अंथरून त्यावर चार तुकडे ठेवतात, काका ताटलीत सरळ ओततात, काठोकाठ. पळी वाढून झाली की पातेल्याच्या काठावर दोनदा आपटतात. टक टक. पहिल्या दिवशी ते ऐकलं तेव्हा मी मागे वळून बघितलं होतं. मला वाटलं, तू.


९ एप्रिल, मंगळवार

दादा,

आज मजा केली. मुद्दाम केली. गच्चीवरच्या पाळण्यात बसलो. वर गेल्यावर सगळं शहर दिसतं. गाड्या पुलांवरून मुंग्यांसारख्या चालतात, कारंजं गाण्यावर नाचतं, समुद्रात दिव्यांच्या होड्या. शेजारी एक जोडपं. तो तिला भरवत होता, ती त्याला भरवत होती, उरलेलं त्यांनी डब्यासकट पायाखाली सारलं. माझं लक्ष त्या डब्यावरच. एवढ्या उंचावर जाऊन मी काय बघितलं, तर उष्टं.

मग तिथूनच वहिनीला फोन लावला. तिनं उचलला. म्हणाली, "पत्रं वाचतो तो. दोनदा वाचतो. बोलत नाही."

मी विचारलं, "खानावळ?"

ती म्हणाली, "कुठली खानावळ? वर्ष झालं बंद होऊन. आता हॉस्टेलच्या भटारखान्यात कांदे चिरतो. दुसऱ्याच्या हाताखाली."

पाळणा खाली येईपर्यंत मी फोन कानालाच धरून बसलो होतो. तिनं केव्हाच ठेवला होता.

दादा, त्या दुपारचं मी आजवर कुणाला सांगितलं नाही. तुला काय सांगायचं, तू तिथेच होतास. पण माझ्या हातानं एकदा लिहितो. खानावळ भरलेली होती. मी कोपऱ्यात जेवत होतो. एक गिऱ्हाईक अर्धं ताट टाकून उठलं. तू ते ताट उचललंस, त्याच्या उष्ट्या आमटीत बोट बुडवलंस आणि चाखलंस. तू हे आधीही करायचास हे मला माहीत होतं. तू म्हणायचास, भांड्यातली चव वेगळी, ताटातली वेगळी, माणसानं का सोडलं ते ताटात कळतं. पण त्या दिवशी डोळ्यांदेखत बघितलं. मी माझ्या ताटावरून उठलो आणि ओरडलो, "अरे, हा उष्टं चाटतो! याच्या हातचं जेवताय तुम्ही?"

आधी लोक हसले. मग एकेकानं ताट सरकवलं.

तू मला मारलं नाहीस. ताटाकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस, आणि आत गेलास. मला वाटलं, लाजलास. मी जिंकल्यासारखा बाहेर पडलो, तो इथपर्यंत आलो.

एक माणूस गाळ्यातून उठवला मी, हे आज कळलं. दुसरा उठताना आधीपासूनच बघवत नव्हता. म्हणून सांगतो, रागावू नकोस. तीन आठवडे झाले, हिरव्या ताटल्यांतलं अर्धं मी पिवळ्या बादलीत टाकतो. पिवळी हलकीच असते, तिच्यात खपतं. काकांचा आकडा उतरलाय. कळणार कुणाला? उष्ट्याच्या बादलीत कोण हात घालतो?


२५ एप्रिल, गुरुवार

दादा,

आज सुट्टी नाही, तरी लिहितोय. जेवणाच्या अर्ध्या तासात, जिन्यावर बसून. पकडला गेलो.

आधी हे ऐक. फळ्यावर हिरवा आकडा खाली आला तसे काका फुलले. मुकादमानं त्यांना सांगितलं, "काका, लोक ताटली चाटून पुसून ठेवतायत." तर या बाबानं काय करावं? त्याला वाटलं, लोकांना पुरत नाही. वाढायचं प्रमाण वाढवलं! आधी काठोकाठ होतं, आता डोंगर. उरायचं दुप्पट झालं. मी खरवडतोय आणि पिवळीत कोंबतोय. उपकार करायला गेलो आणि गळ्यात धोंड बांधून घेतली.

मग पिवळीचा आकडा चढला. पिवळ्या ताटल्या ज्या बाईच्या, ती नूडल्स विकते. आज ती तरातरा आमच्या बाजूला आली, मुकादम मागे. म्हणाली, "माझं एवढं उरतं? दाखवा." मुकादम म्हणाला, "बाई, बादली आहे ती, त्यात काय दाखवायचं?" तिनं बाही कोपरापर्यंत सारली आणि खस्सकन हात आत घातला. खालपर्यंत. वर काढला तेव्हा मुठीत भात.

"हे काय आहे?"

मुकादम म्हणाला, "भात."

"माझ्या गाळ्यात भाताचं पातेलं तरी आहे का? का माझ्या नूडल्सना पोटातून भात झाला?"

रेडिओ फिसकन हसली. कुणी तिच्याकडे बघितलं नाही, सगळे माझ्याकडे बघत होते.

दादा, उष्ट्याच्या बादलीत हात घालून बघणारी माणसं जगात असतात, हे मला माहीत असायला हवं होतं. मी अशाच एकाच्या घरात वाढलो.

मी कबूल केलं. मुकादम तोंडाला येईल ते बोलला. सगळे आकडे नासले, आता मे महिनाभर पुन्हा मोजायचं ठरलं. मला काढलं नाही. का, तर या कामाला दुसरं कुणी येत नाही. सगळ्यांना किळस येते.

पण खरं ते काही नाही. खरं पुढे आहे. काकांना कळलं. ते पंच्यानं हात पुसत आले. मला वाटलं, पाठीवर हात ठेवतील.

"किती उरायचं माझं?"

"अर्धं. कधी जास्त."

"काय उरायचं? भात का रस्सा?"

"माहीत नाही."

"खालचं का वरचं?"

"काका, मी बघत नाही. मान वळवून खरवडतो. मला किळस येते."

त्यांनी मला खालीवर बघितलं. "दोन महिने माझं ताट तुझ्या हातात येतं. माझं कुठे चुकतं ते जगात तुला एकट्याला कळू शकत होतं. आणि तू ते माझ्यापासूनच लपवलंस. यापेक्षा माझ्या रश्शात थुंकला असतास तर चाललं असतं."

गेले. पळी आपटायचा आवाज दुपारभर आला नाही.

माझी पिशवी खोलीवर भरलेलीच असते, तुला माहीत आहे. अर्ध्या तासात मी गाडीत असू शकतो.


७ मे, मंगळवार

दादा,

गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या गाळ्यावर गेलो आणि पातेल्यातला रस्सा मागितला. त्यांनी वाटीत दिला. घरून आणलेली त्यांची स्टीलची वाटी. चांगला होता, दादा. तिखट, बेताचं मीठ, शेवटी जरा आंबट. तुझ्यासारखा म्हणणार नाही, पण तुझ्या शेजारचा. मग लोक टाकतात का?

दुपारी पट्ट्यावरून हिरवी ताटली आली. अर्धी खाल्लेली. कुणाची कोण जाणे. रस्सा थंड होऊन वर साय धरलेली, भातात चमच्याची खूण, एका कडेला कुणीतरी मिरची चोखून ठेवलेली. मी बोट बुडवलं. तोंडाजवळ नेईपर्यंत दोनदा ओकारी आली. रेडिओ म्हणाली, "अरे, काय करतोस? नाकतोड्या!" मी डोळे मिटले आणि जीभ लावली.

सांगतो काय लागलं. आधी मीठ. मग तिखट. आणि मग जिभेच्या मागच्या बाजूला काहीतरी गुळगुळीत, लिंबाच्या वासाचं. चूळ भरली, दुसरी ताटली घेतली. तेच. तिसरी. तेच. पिवळ्या ताटलीतलं चाखलं, त्यात नाही. ती बाई कागद अंथरते.

मग रॅकमधली धुतलेली हिरवी ताटली घेतली. काकांच्या पळीनं ओरखडे पडून खरखरीत झालेली. तिच्यात कढत पाणी ओतलं. पाण्यावर तवंग आला, बारीक फेसाचा.

साबण.

तिसरं पाणी, दादा. जे मी कधी होऊच देत नव्हतो. बाकीच्यांच्या ताटल्यांत कोरडं खाणं आणि खाली कागद, त्यांना फरक पडत नव्हता. काकांचा गरम रस्सा ओरखड्यांतला साबण सोडवून घ्यायचा आणि लोक दहा घासांनंतर तोंड वाकडं करून उठायचे. काका स्वतः स्टीलच्या वाटीत जेवतात. त्यांना कसं कळणार? पातेलं चांगलंच होतं.

मी ताटली घेऊन गेलो. म्हणालो, "काका, रस्सा बरोबर आहे. ताटलीत साबण आहे."

"धुतं कोण?"

"मी."

त्यांनी विचारलं, "कळलं कसं?"

"चाखलं. लोकांचं उष्टं."

रेडिओ माझ्या मागे येऊन उभी होती, पहिल्यांदाच गप्प. काकांनी धुतलेल्या हिरव्या ताटलीत गरम पाणी ओतलं आणि मुकादमाला हाक मारली. "या, साहेब. सूप घ्या." त्यानं घोट घेतला आणि काकांच्या पंच्यावरच थुंकला. काका म्हणाले, "दोन महिने लोकांनी हे प्यायलं माझ्या नावावर." मग माझ्याकडे वळून, "तिसरं पाणी पूर्ण व्हायचं. वाफ आली तर येऊ दे. उभा राहा तिथे."

उभा राहतो. दहा दिवस झाले, हिरवी बादली निम्म्यावर आली आहे. गाळा राहील का नाही ते महिनाअखेर ठरेल. काका अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. पण दुपारी भोकाच्या रबरी पडद्यातून हात घालून विचारतात, "काय म्हणतात ताटं?" मी चाखून सांगतो. किळस गेलेली नाही. रोज येते. आता लोकांची येत नाही, तेवढाच फरक.

हे सगळं मी काकांचं लिहितोय असं तुला वाटेल. दहा दिवस माझी झोप उडालीय ती काकांपायी नाही, दादा. तुझ्यापायी.

त्या दुपारी तू बोट चाखलंस. मग ताटाकडे बघितलंस. मग माझ्याकडे. आमटी तू सकाळी पातेल्यातली चाखलेली होतीस, तू चाखल्याशिवाय कधी वाढलं नाहीस. त्या सकाळी ताटं मी धुतली होती. मला बाहेर जायची घाई होती. एकाच पाण्यातून काढून उपडी घातली आणि पळालो. तू हाक मारलीस, "नीट खंगाळलीस का रे?" मी दारातून म्हणालो, "हो."

सगळ्यांसमोर एक शब्द बोलला असतास, "हे माझं नाही, याचं आहे," तर लोकांनी मला शिव्या घातल्या असत्या आणि खानावळ राहिली असती. तू तोंड मिटून आत गेलास. मी त्याला लाज समजलो.

का नाही बोललास ते विचारत नाही. ते विचारायला मला तोंड नाही. माफीही मागत नाही, पत्रातून मागण्यासारखी ती नाही. एक ओळ लिही फक्त. वहिनीकडून लिहून घे, चालेल.

त्या आमटीला साबण लागत होता का?

पत्ता पाकिटाच्या मागे लिहिलाय. हा बदलणार नाही.